माझं देवपण

"तुमचा टाक मीच ठोकलाय की हो," शंभूअण्णा ओतारी बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्यानं जीभ चावली.

पैंजणांचा जोड माझ्या हातात तसाच राहिला. वैजूसाठी घेत होते. पाच वर्षांची पोर सोडून गेले होते, आता ती दहाची झाली असणार, तर पायाचं माप सांगायचं कसं, एवढाच घोर होता मला. आणि हा माणूस मघापासून गिऱ्हाइकाकडं बघावं तसा बघतच नव्हता. डोळे फाडून बघत होता.

"कुणाचा टाक?"

"न्हाई... बाबरांच्या सूनबाई न्हवं का तुम्ही? धामणदऱ्याच्या? दसऱ्याच्या आधी देव उजळायला घेऊन यायच्या..."

"मीच ती. हौसा. पण माझा टाक कशाला ठोकाल? मी काय मेले का?"

शंभूअण्णा उठला. दुकानाची एक फळी लावून घेतली आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

टाक म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. आमच्याकडं प्रत्येक देव्हाऱ्यात खंडोबा असतो, भवानी असते, आणि त्यांच्या शेजारी घरातली मेलेली माणसंही असतात. कुंकवासकट गेलेली बाई असली तर हटकून.

"चार वर्सं झाली," अण्णा म्हणाला. "तुमच्या सासूबाई आल्त्या. म्हणाल्या, सून दवाखान्यात गेली ती गेलीच, तिकडंच अग्नी दिला. दोन टाक पायजेत. एक देव्हाऱ्यात बसवाय आणि एक..."

"एक कशाला?"

"नव्या नवरीच्या गळ्यात घालाय. सवतीचा."

हे असं कळलं मला. मी मेले हे आणि नवऱ्यानं दुसरी केली हे, एकाच दमात, चांदीच्या दुकानात. रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मी अण्णालाच घेतलं फैलावर.

"आणि तुम्ही ठोकलेत? विचारलं न्हाई कुणाला, बाई खरंच मेली का म्हणून?"

"सासूनं सांगितल्यावर मी काय दाखला मागू व्हय? आणि बाई, मी नुसता पत्रा ठोकतो. देवपण तुमच्या घरच्यांनी दिलंय."

"ते आणि कसं देतात?"

"हितनं जातो तवर तो पत्राच असतो. मग विहिरीवर न्हेऊन न्हाऊ घालायचं, वाजतगाजत घरी आणायचं, गोंधळ घालायचा, भावकीला जेवण. त्या दिसापास्नं देवपण. मग त्या माणसाला नावं ठेवायची न्हाईत. कसं गेलं, का गेलं, काय बी इचारायचं न्हाई."

"आणि परत काढून घ्यायचं झालं तर?"

अण्णानं डोकं खाजवलं. "आजवर कोण मागाय आलं न्हाई," तो म्हणाला.

या सगळ्याला कैक वर्षं उलटल्यावर एकदा शहरातून एक बाई आमच्याकडं आल्या होत्या, खेड्यापाड्यातले जुने शब्द गोळा करत. भल्या होत्या, वही घेऊन माझ्याजवळ मांडी घालून बसल्या. त्यांनी विचारलं, आजी, 'देवपण देणं' म्हणतात त्याचा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून? मी म्हटलं, बाई, मुळात कुठून आला ते तुमची पुस्तकं सांगतील, आमच्या घरात कुठून आला ते मी सांगते. नको असलेलं माणूस मारायची छाती नसली की त्याला देवपण देतात. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारी चिडकी आहे. आहेच मी चिडकी. पण त्या शनिवारी दुपारी माझ्या सासरच्या अंगणात जे झालं ते ऐकल्यावर त्याही चिडल्या असत्या.

मला झाला होता महारोग. पाठीवर एक चट्टा, मग दंडावर. टोचलं तरी कळायचं नाही. माझ्या नवऱ्यानं, दिनकररावांनी, मला लांब विदर्भातल्या दवाखान्यात नेऊन सोडलं. 'बरी झालीस की न्यायला येतो,' म्हणाले. पहिलं वर्षभर मी फाटकाकडं बघत बसायची. मग तिथल्या गुरुजींकडून लिहायला शिकले, का, तर यांना पत्र लिहायचं म्हणून. उत्तर कधी आलं नाही. मला वाटायचं, कामात असतील, लिहायचा कंटाळा असेल, माणूस कायमचाच बोलायला कंजूष. बघा कसं असतं, मीच त्यांची बाजू घेत होते! नव्या गोळ्या निघाल्या, रोग गेला, डाव्या हाताची करंगळी तेवढी वाकडी राहिली. डॉक्टरांनी सही-शिक्क्याचा दाखला दिला. मग न्यायला कोण येतंय याची वाट न बघता मी आपली आपण निघाले.

अण्णाच्या दुकानातून मी तशीच बाहेर पडले. पैंजणं तिथंच फळीवर राहिली. एस.टी. मिळाली, दुपारी बारा-साडेबाराला गावात उतरले. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं नाही ते त्यांचं नशीब.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात सावलीला हुलगं निवडत बसल्या होत्या. मी पायरीशी उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

आता तुम्हीच सांगा. मेलेली सून समोर उभी राहिली तर माणूस काय करेल? ओरडेल, पळेल, देवाचं नाव घेईल. आत्याबाईंनी यातलं काहीच केलं नाही. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तितंच थांब. फुडं येऊ नगंस."

तिथंच मला सगळं कळलं. म्हातारीला पक्कं ठाऊक होतं.

"मी बरी झालीया, आत्याबाई. दाखला हाय."

"कागदानं रोग जातो व्हय?"

"आणि चांदीच्या पत्र्यानं माणूस मरतं व्हय?"

आवाज चढला माझा. तेवढ्यात आतून एक बाई हात पुसत बाहेर आली. वीस-बावीसची असेल, अंगानं वाळलेली, डोळ्यांखाली काळं. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली चांदीचा टाक. मी. माझ्या सवतीच्या छातीवर मी लटकत होते. सोप्यात माझा लग्नातला फोटो हार घालून लावला होता, तो ती रोज बघत असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि लांबूनच धाडकन जमिनीवर लोटांगण घातलं.

"आक्कासाब, माझं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या! दोन लेकरं नेलीसा, आता तरी शांत व्हा!"

"कुणाची लेकरं?" मी म्हटलं. "कुणी नेली?"

"मालन, आत जा!" आत्याबाई ओरडल्या.

पण मालन उठेना. तोंड मातीत घालून सांगत सुटली. पहिलं सातव्या महिन्यात गेलं, दुसरं जन्मून तीन दिवसांनी. दोन्ही वेळेला देवऋषी आणला. दोन्ही वेळेला हेच निघालं, की सवतीचा कोप आहे. मग तिनं अवसेचे उपास धरले. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायची आणि मग नेसायची. हळदीकुंकू आधी मला. पहिला घास मला.

मी तिकडं दवाखान्यात पेशंटांच्या चादरी धुवत होते हो! आणि इकडं माझ्या नावावर लेकरं मारली जात होती. "ऊठ," मी म्हटलं, "ऊठ गं बाई. मी जित्ती हाय. मी कुणाचं लेकरू न्हेलं न्हाई. माझंच लेकरू हितं अडकलंय."

मालन उठून बसली. माझ्या पायांकडं बघितलं, सावलीकडं बघितलं. मग हळूहळू तिनं मान वळवली आणि सासूकडं बघितलं.

गोठ्याकडून दिनकरराव आले. हातात वैरणीची पेंढी. मला बघून जागच्या जागी थांबले. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं.

"पत्रं मिळाली?" मी विचारलं.

"हां."

"मी सोता लिहिलेली. वाचलीत?"

"पैली दोन."

"आणि बाकीची?"

"चुलीत घातली मी," आत्याबाई मधेच म्हणाल्या. "मेलेल्या माणसाची पत्रं येत्यात व्हय?"

ऐका आता! मी दिनकररावांकडंच बघत होते. काहीतरी बोलतील, आईला गप्प करतील, निदान मान खाली घालून रडतील. त्यांनी पेंढी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बस. एवढंच केलं त्या माणसानं.

"अशी बघू नगंस त्येच्याकडं," आत्याबाई म्हणाल्या. "मी केलं सगळं. आणि काय वाईट केलं? तुझी नणंद यमू लग्नाची हुती. घरात महारोग हाय म्हनल्यावर तिला कुणी पदरात घेतली असती? तुझ्या वैजीला उद्या कोण करून घेणार? आजारी सुनंला गाव नावं ठेवतं, देवात बसलेल्या सुनंला कोण ठेवत न्हाई. सगळं घर तरलं त्यात. आणि तुझं तरी काय कमी केलं मी? रोज आंगूळ घातली तुला. सणावाराला पुरणपोळीचा निवद दावला. जित्तेपणी तुला कधी पैली पोळी मिळाली हुती का?"

आणि खरं सांगते, म्हातारी हे कावेबाजपणानं बोलत नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की तिनं माझं भलं केलं. त्याचाच मला जास्त राग आला. मुद्दाम वाईट करणाऱ्याला दोन शिव्या घालता येतात.

"पुरणपोळी दाखवत होता मला," मी म्हटलं, "आणि एक कार्ड टाकायचं झालं न्हाई तुमच्याच्यानं? मी मेले का जगले एवढं बघायला कुणी आलं न्हाई. जळ्ळं ते देवपण! तुमच्यातल्या एकालाबी मला हात लावायचा नव्हता, म्हणून देव्हाऱ्यात ठेवलीत. देवाला लांबनं हात जोडले की भागतं."

"आता काय पायजे तुला? ऱ्हायला आलीयास?"

आले होते राहायलाच. ट्रंकेत दोन लुगडी होती, सासूसाठी तिकडच्या मागावरची एक चादर होती. पण त्या अंगणात उभं राहून पाच मिनिटांत माझं मन विटलं होतं.

"मला माझी पोरगी पायजे. बाकी घर, दार, दादला, सगळं तुमचं तुम्हाला लखलाभ."

"पोरगी मिळायची न्हाई. तिला आई हाय, आणि ती देवात हाय. इचार तिलाच."

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. वैजू दप्तर पाठीला लावून गल्लीतून येत होती. केवढी झाली होती! दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत धूळ, पुढचा एक दात किडका. मला एकदम पुढं व्हावंसं वाटलं, पण पाय उचलेना. सगळ्यांना सुनावणारी मी, त्या पोरीपुढं भेदरले. ही नाही म्हणाली तर मी कुठं जाणार होते?

"वैजे," आत्याबाई म्हणाल्या, "तुझी आई कुठं हाय गं?"

"देवात," पोर म्हणाली. पाढा म्हणावा तशी.

"ऐकलंस?" आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

पण वैजू माझ्याकडं बघत होती. मग सोप्यातल्या फोटोकडं. मग परत माझ्याकडं. कपाळाला आठ्या घालून बघत होती, गणित अडल्यासारखी.

"ही फोटोतली हाय," ती म्हणाली.

आत्याबाईंनी सूप परत जवळ ओढलं.

"तूच का?" तिनं मला विचारलं.

"मीच गं बाळा."

मला वाटलं आता येऊन बिलगेल. आई कितीही शहाणी असली तरी तिला असंच वाटतं. वैजूनं दप्तर काढलं आणि जमिनीवर आपटलं.

"मग तुला आईकू येत हुतं सगळं?"

"काय गं?"

"मी रोज सांगत हुते ते! सकाळी आंगूळ घालताना, शाळंला जाताना, निजताना. आजी म्हणायची, देव झालेलं माणूस सगळं आयकतं. मला ताप आला तवा सांगितलं. बाईनी छडी मारली तवा सांगितलं. परत ये म्हनलं. रोज म्हनलं! मग आली का न्हाईस? आयकत हुतीस तर आली का न्हाईस?"

आणि ती आलीच माझ्या अंगावर. दोन्ही मुठींनी मारायला लागली, पोटावर, हातावर, जिथं लागेल तिथं.

"शिवू नगंस तिला!" आत्याबाई किंचाळल्या. "वैजे, मागं हो, शिवू नगंस!"

पोर ऐकतेय कशाला. मी तशीच उभी राहिले. घरातलं माणूस माझ्या अंगाला लागून पाच वर्षं झाली होती. सांगण्यासारखं तर ढीगभर होतं माझ्याकडं. तुझ्या आजीनं पत्रं जाळली, तुझा बाप तोंड शिवून बसला, सगळं सांगता आलं असतं. पण त्या पोरीचं भांडण त्यांच्याशी नव्हतं, माझ्याशी होतं.

"मला आईकू आलं न्हाई गं," मी म्हटलं. "मी देव नव्हते. आजारी हुते."

ती मारतच राहिली.

तेव्हा मालन उठली. गळ्यातला टाक काढून तिनं आत्याबाईंच्या सुपात टाकला, हुलग्यांमध्ये.

"आत्याबाई," ती म्हणाली, आवाज अगदी बारीक, "देव आसा मार खातो व्हय?"

"मालन, तोंड सांभाळ."

"तुम्हाला ठावं हुतं ह्या जित्त्या हायत ते. माझी दोन गेली तवाबी ठावं हुतं. मी आडवं पडून नाक घासत हुते तवाबी ठावं हुतं. तुम्ही बसून बघत हुता."

आत्याबाई हुलग्यांतून टाक शोधत राहिल्या. मालन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वैजूचे दोन फ्रॉक होते, एक स्वेटर आणि कापडात बांधलेल्या भाकरी. ते तिनं माझ्या ट्रंकेवर आणून ठेवलं, अगदी माझ्याजवळ येऊन.

"न्ह्या तिला, आक्का," ती म्हणाली. "कोण अडवतंय ते मी बघते."

दिनकरराव खाकरले. "जाऊ दे," म्हणाले. त्या सबंध दुपारी तो माणूस आपणहून एवढं एकच वाक्य बोलला. कुणाला म्हणाले, आईला की मला, ते आजही मला कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

वैजूनं मारायचं थांबवलं होतं, दमली होती. मी म्हटलं, "येतीस?" ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दप्तर उचललं आणि रस्त्याला लागली. स्टँडापर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढं चालत होती. एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी ट्रंक डोक्यावर घेऊन तिच्या वेण्यांकडं बघत चालले होते आणि मनातल्या मनात अजून सासूशी भांडत होते.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. भाकरी दिली, खाल्ली. पाणी दिलं, प्याली. घाट उतरायला लागलो तेव्हा बाहेर बघतच तिनं विचारलं, "तू खरंच काय आयकलं न्हाईस?"

"न्हाई."

"कायच न्हाई?"

"एक शब्दबी न्हाई."

तिनं जोरात सुस्कारा सोडला. एवढी चिडली होती, नाकपुड्या नुसत्या फुगल्या होत्या. माझीच लेक ती.

"म्हंजे आता सगळं परत सांगाय लागंल मला," ती म्हणाली.

आणि तिनं सुरुवात केली. मी गेले त्या दिवशी सकाळी ती कुठं बसली होती तिथपासून. कोण काय बोललं, शेजारच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, तिचा पहिला दात पडला तो कौलावर कुणी टाकला. मधे काही विसरलं की मागं जायची आणि परत पहिल्यापासून सांगायची. गाडी तालुक्याला पोचली, लोक उतरले, नवे चढले, कंडक्टरनं दुसरं तिकीट फाडलं, आणि पोर अजून पहिल्याच वर्षात होती.